ऐकलं म्हणा

रघोत्तममामा कोणाच्या दारात आले की घंटा वाजवत नसत. चपला काढायचे, काठी भिंतीला टेकवायचे आणि जे सांगायचं ते एका दमात सांगून मोकळे व्हायचे. "पद्मा, तुझ्या सासऱ्यांची तिथी येत्या गुरुवारी. दुपारी तिथी मिळते. शंका नको." सांगून झालं तरी जागचे हलायचे नाहीत. मी या घरात नवी होते तेव्हा मला वाटलं, कापी, म्हणजे कॉफी, हवी असेल. कापी आणून दिली. ती घेतली, पेला खाली ठेवला, तरी उभेच. शेवटी सासूबाई आतून म्हणाल्या, "अगं, ऐकलं म्हण. त्याशिवाय ते जायचे नाहीत."

मी म्हटलं, "ऐकलं."

"सेरि," म्हणजे बरं, असं म्हणून त्यांनी काठी उचलली आणि गेले. पुढची वीस-बावीस वर्षं या पद्धतीत काडीचा फरक पडला नाही.

तंजावूरला राजवाड्याच्या मागच्या गल्ल्यांत आमची मराठी घरं आहेत. आमचं बोलणं महाराष्ट्रातल्या पाहुण्यांना जुन्या पोथीतलं वाटतं. आमच्या मुलांना ते समजतं, पण उत्तर द्यायची वेळ आली की त्यांच्या तोंडून तमिळ येतं. देवनागरी वाचणारे बोटांवर मोजावेत इतके. मी हिंदीच्या परीक्षा दिल्या म्हणून मला येते. पंचांग वाचणारे त्याहून कमी. त्यामुळे कोणत्या घरात कोणाची तिथी कधी, हे लक्षात ठेवून आठ दिवस आधी दारात येऊन सांगणारा एक माणूस लागायचा. मामांच्या वडिलांनी ते केलं आणि त्यांच्यामागे मामांनी. मुंजीची अक्षत, बारशाचं बोलावणं, आणि कोणी गेलं तर ती बातमी, सगळं मामांच्या पायांनी घरोघर जायचं. मृत्यूची बातमी असेल तर ते चपला काढत नसत. खालच्या पायरीवर उभे राहून सांगत. त्यामुळे बायका दार उघडल्यावर आधी मामांच्या पायांकडे बघत.

नोकरीही तशीच पायांची. वीज खात्यात घरोघर जाऊन मीटर बघायचे. उंच, वाळलेले, कमरेला पांढरी वेष्टी, म्हणजे इकडचं धोतर, अर्ध्या बाह्यांचा सदरा, खिशात पिवळ्या फडक्यात गुंडाळलेलं छोटं पंचांग. वही नाही, पेन नाही. मी एका कॉलेजच्या कार्यालयात अधीक्षक आहे. यादी केल्याशिवाय मला सकाळी दातही घासता येत नाहीत असं माझे यजमान म्हणतात. स्वयंपाकघरात भिंतीला लावलेली माझी यादी पाहून मामा एकदा म्हणाले, "हे कशाला?"

"विसरायला नको म्हणून."

"विसरायला पाहिजे म्हणून करतेस तू यादी. कागदावर उतरलं की डोकं रिकामं. कागद हरवला की घर हरवलं."

मी हसून त्यांच्यासमोरच यादीतल्या एका ओळीवर बरोबरची खूण केली. त्यांनी मान हलवली.

त्यांच्या डोक्यात काय काय होतं ते मला एका दुपारी कळलं. यजमान स्कूटरवरून पडले, नव्या बसस्टँडजवळ. कोणीतरी दवाखान्यात नेलं, मला ऑफिसात निरोप आला, मी धावत गेले. डॉक्टर म्हणाले, लगेच पायाचं ऑपरेशन करावं लागेल, घरातलं आणखी कोणी बोलवा. माझा फोन सकाळपासून चार्जिंगला लावायचा राहिला होता; तो तिथेच बंद पडला. दवाखान्यातल्या बाईंनी आपला फोन माझ्या हातात दिला, "लावा कोणाला लावायचं ते." मी तो हातात धरून उभी राहिले. दिराचा नंबर येईना. मुलीचा येईना. माझ्या आईचा येईना. स्वतःचा सोडला तर मला एकही नंबर पाठ नव्हता, आणि मी कॉलेजातली चारशे मुलांची हजेरी तोंडपाठ सांगणारी बाई.

तेवढ्यात मामा आले. त्यांना कसं कळलं हे विचारण्यात अर्थ नसे. गल्लीत जे घडे ते त्यांच्यापर्यंत जाई. त्यांनी भिंतीला काठी टेकवली आणि दिराचा नंबर सांगितला, मग मुलीच्या वसतिगृहाचा, मग कुंभकोणमच्या नणंदेचा. दहा-दहा आकडे, मध्ये न अडखळता. त्यांच्याकडे स्वतःचा मोबाइल नव्हता. घरी एक जुना दूरध्वनी होता, तोही मेलेला. त्याची तार उंदरांनी खाल्ली तशी ती राहिली.

"तुम्ही एवढे नंबर कशाला पाठ करता मामा? तुम्हाला कुठं लावायचेत?"

"कोणी पुसलं तर?" एवढंच म्हणाले.

सासऱ्यांच्या श्राद्धाला ते आमच्याकडे जेवायला बसत, ब्राह्मण म्हणून. दरवर्षी येताना एक पितळी तबक घेऊन येत आणि उंबऱ्याशी ठेवत. "सगळ्यांचे फोन यात." माझा दीर कुरकुरायचा, ऑफिसचा फोन येईल म्हणायचा. मामा म्हणायचे, "तुझे वडील वर्षातून एकदा येतात. तुझा मॅनेजर रोज येतो. आज कोण थांबेल ते ठरव." दीर फोन ठेवायचा. पिंडदान चालू असताना तबकातले पाच-सहा फोन थरथरायचे, पालथ्या पडलेल्या भुंग्यांसारखे, आणि तबक फरशीवर हळूहळू सरकायचं. मुलं हसू दाबायची. मामा डोळेही उघडत नसत. पानावरून मध्येच उठलं तर श्राद्ध वाया जातं, असं ते प्रत्येक वर्षी जेवणाआधी एकदा सांगत आणि आमच्याकडून "ऐकलं" म्हणवून घेत.

मग साथीचं वर्ष आलं. गल्लीच्या तोंडाशी लोखंडी आडवे खांब लावले, कोणी कोणाच्या दारात जाईना. तिथी येत होत्या, माणसं जात होती, आणि मामा घरात अडकून होते. हे काम आता थांबेल असं मला दिसलं आणि माझ्या स्वभावाप्रमाणे मी उपाय केला. सगळ्या घरांचा मिळून फोनवर एक ग्रुप. नंबर कुठून आणायचे? मी मामांच्या फाटकाबाहेर वही घेऊन उभी राहिले, तोंडाला फडकं बांधून. ते आत तिण्णैवर बसले. तिण्णै म्हणजे घरासमोरचा ओटा, आमच्याकडे माणसं अर्धा दिवस तिथंच असतात. तिथून त्यांनी एकेक घर आणि एकेक नंबर सांगितला. एक्केचाळीस घरं. गल्लीच्या क्रमाने, मग करंदैची, मग पापनाशमची, मग कुंभकोणमची. शेवटी म्हणाले, "झालं."

मी वही मिटली. त्यांचं घर त्यात नव्हतं. त्यांनी सांगितलं नाही, मला सुचलं नाही. सांगणाऱ्याचं घर आमच्या कोणत्याच यादीत कधी नसायचं.

आडवे खांब निघाले तेव्हा मामांनी पुन्हा काठी घेतली. पण आता ते दारात येऊन सांगायला लागले की लोक म्हणायचे, "आलं मामा, ग्रुपवर आलं." पहिल्या वर्षी त्यांना आत बोलवून म्हणायचे. दुसऱ्या वर्षी जाळीच्या दाराआडून. मामा तिथेच उभे.

"पाहिलं मामा, कालच पाहिलं."

"पाहिलं नव्हे. ऐकलं म्हणा."

"बरं, ऐकलं." आणि आत टीव्हीचा आवाज पुन्हा मोठा व्हायचा.

करंदैच्या एका सुनेनं त्यांच्यादेखत फोन उघडून दाखवला, "हे बघा, निळ्या खुणा. म्हणजे सगळ्यांना पोचलं." मामांनी चष्मा लावून त्या खुणा पाहिल्या. मला येऊन सांगितलं, "खूण तू पण करतेस तुझ्या यादीत. पण तू काम करून मग करतेस."

मामांचं लग्न झालं होतं, बायको लवकर गेली, मूल नव्हतं. सगळ्यांच्या घरांत त्यांची ये-जा, पण त्यांचं म्हणावं असं माणूस एकच: गोदाअक्का, थोरली बहीण, पापनाशमला. आई गेली तेव्हा मामा चार वर्षांचे होते, अक्का बारा. तिनंच त्यांना वाढवलं. दर पौर्णिमेला ते सकाळच्या गाडीनं पापनाशमला जात आणि संध्याकाळी परत येत. मधे काही निरोप असेल तर जाणाऱ्या-येणाऱ्याच्या तोंडी. पस्तीस वर्षं हे असं चाललं. अक्काचा मुलगा जयराम तालुका कचेरीत कामाला. तो आमच्या ग्रुपवर होता.

ती पौर्णिमा झाली, मामा जाऊन आले. पुढच्या आठवड्यात त्यांचा पाय सुजला आणि ते घरात पडून राहिले. शेजारी भाड्याने राहणारं तमिळ कुटुंब दोन वेळ भात द्यायचं. त्याच आठवड्यात एका मंगळवारी दुपारी जयरामचा निरोप ग्रुपवर आला. तमिळ अक्षरांत लिहिलेलं मराठी: "अम्माला बरं नाही. सारखं मामाला पुसते. कोणी तरी मामाला सांगा."

मी तो वाचला. कॉलेजात प्रवेशाचे दिवस होते, टेबलापुढे रांग. मी हात जोडल्याचं चित्र टाकलं. माझ्याआधी अकरा जणांनी तेच टाकलं होतं. चेन्नईच्या एकानं लिहिलं, "कळवतो." त्यानं खरंच फोन लावला, मामांच्या घरचा जुना नंबर त्याला ठाऊक होता. तो कुठे वाजला असेल देव जाणे. मग कोणीतरी लिहिलं, "पद्माअक्का त्याच गल्लीत आहेत." त्यावर मी अंगठा टाकला. त्या अंगठ्याचा अर्थ होय असा होता की वाचलं असा, ते मला आजही सांगता येत नाही. त्या दिवशीच्या माझ्या यादीत अकरा कामं होती आणि अकराही झाली. हे बारावं मी लिहिलंच नाही, कारण त्याला उत्तर दिलेलं होतं. उत्तर दिलं की काम झालं असं हल्ली वाटतं.

बुधवारी सकाळी गोदाअक्का गेल्या. ग्रुपवर दिवसभर हात जुळत राहिले. आमच्या गल्लीतले दोघं पापनाशमला जाऊन अर्धा तास थांबून आले. मामा आतल्या खोलीत असतील असं त्यांना वाटलं. इकडे मामा दिसत नव्हते, तर आम्ही समजलो, सुतकात आहेत, घराबाहेर पडायचे नाहीत. सुतक असलेल्या घरी कोणी उगाच जात नाही. म्हणून कोणी गेलं नाही.

पाय उतरल्यावर ते पहिल्यांदा बाहेर पडले आणि सरळ आमच्याकडे आले. मी भाजी निवडत होते. चपला काढल्या, काठी टेकवली.

"पद्मा, पुढच्या गुरुवारी तुझ्या सासऱ्यांची..."

मी त्यांना मध्येच थांबवलं. मला ते आल्याचंच नवल वाटलं. "मामा, तुम्ही कशाला निघालात इतक्यात? अक्कांचे दिवस तरी सगळे होऊ द्यायचे."

"कुठल्या अक्काचे?"

मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि मला समजलं. पण तोंडातून गेलेलं परत घेता येत नाही. ते माझ्याकडे बघत उभे होते, अनवाणी. आयुष्यभर मृत्यूची बातमी त्यांनी खालच्या पायरीवर उभं राहून, चपला घालून दिली, आणि त्यांना ती मी भाजीच्या सुपावरून दिली.

"कधी?" त्यांनी विचारलं.

"मागच्या बुधवारच्या आधीच्या बुधवारी. सकाळी."

ते बोटांची पेरं मोजायला लागले. ओठ हलत होते. "वद्य नवमी," ते म्हणाले. "आज शुद्ध चतुर्थी. म्हणजे अकरावा दिवस." मग, दुसऱ्याच कोणाला सांगत असल्यासारखं, "बहिणीचं तीन दिवस. तीन दिवसांच्या आत कानावर आलं तर उरलेले दिवस धरायचे. नंतर आलं तर नुसतं स्नान."

"मामा, बसा. पाणी देते."

"नळ मागेच आहे ना तुझा?"

ते घरातून न जाता बोळातून मागे गेले. मी बादली भरली. अंगावरच्या कपड्यांसकट त्यांनी डोक्यावरून पाणी ओतून घेतलं. एक तांब्या, दुसरा, तिसरा. वाढवणाऱ्या बहिणीचं त्यांच्या वाट्याला एवढंच उरलं होतं, आणि तेही शास्त्राप्रमाणे बरोबर होतं, म्हणून त्यांना भांडायला जागा नव्हती. सदऱ्याच्या खिशात पंचांग तसंच होतं. पिवळं फडकं भिजून त्याचा रंग सदऱ्यावर उतरला. मामा काहीतरी विसरले असं मी पहिल्यांदाच पाहत होते.

मी म्हटलं, "मी येते तुमच्याबरोबर पापनाशमला."

"नको. तुला काम असेल."

ते ओल्या कपड्यांनिशीच बसस्टँडकडे गेले.

तिथं काय झालं ते त्यांनी नंतर मला दोन वाक्यांत सांगितलं. "जयराम म्हणतो, तुमच्यासाठी चारपर्यंत देह ठेवला. म्हणतो, ग्रुपवर टाकलं होतं मामा, अम्मा पुसते म्हणून." यावर मी काय बोलावं याची ते वाट पाहत होते. "सेरि," ते म्हणाले.

पंधरा दिवसांनी ते स्वतः आले आणि म्हणाले, "मला त्यात घाल."

यजमानांचा जुना फोन होता. मी अक्षरं मोठी करून दिली, आवाज वाढवून दिला, ग्रुपमध्ये त्यांचं नाव घातलं. चार दिवसांत शिकले. आणि चालायचे थांबले.

त्यांच्या घरात नेटवर्क एकाच ठिकाणी मिळायचं, तिण्णैच्या डाव्या कोपऱ्यात खांबाशी. खिडकीतून चार्जरची वायर बाहेर काढून मामा तिथं बसू लागले. सकाळपासून दिवेलागणीपर्यंत तिथेच. देवळात जाणं सुटलं, कारण देवळात फोन बंद ठेवावा लागतो. पौर्णिमेला आता जायला कुठे उरलंच नव्हतं. आमच्या ग्रुपवर दिवसाला साठ-सत्तर निरोप येतात. त्यातले पंचावन्न सकाळची फुलं, देवांची चित्रं आणि विनोद. मामा प्रत्येक आवाजाला चष्मा लावत आणि प्रत्येक चित्र पूर्ण पाहत. कधी कोणाच्या तिथीबद्दल आवाजात बोलून पाठवत: चार मिनिटं, पाच मिनिटं, कोणत्या घरातल्या कोणाची, आधीच्या वर्षी कशी आली होती, या वर्षी अधिक महिन्यामुळे कशी येईल. शेवटी म्हणत, "ऐकलं म्हणा." आम्ही त्याला अंगठे टाकायचो. मीही. ते मी कधी पूर्ण ऐकलं नाही.

गल्लीतले लोक म्हणू लागले, "मामांनाही लागलं बघ वेड." कौतुकानं म्हणत. आपण एकटे नाही याचं समाधान होतं त्यात. फोन पाण्याच्या तांब्याशी, फोन उशाशी, न्हाणीच्या कोनाड्यात फोन. मी त्यांना एकदा कुंभकोणमच्या नणंदेचा नंबर विचारला, माझा फोन हातात असूनही, उगाच. त्यांनी तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं. मग फोन चाळायला लागले. "आहे यात," म्हणाले.

पुढच्या वर्षी सासऱ्यांच्या श्राद्धाला ते आले तेव्हा हातात तबक नव्हतं. कमरेला वेष्टीच्या गुंडाळीत फोन होता. दिराची आणि माझी नजरानजर झाली. पान वाढलं, मंत्र झाले, मामा जेवायला बसले. आमटीभात कालवला आणि कमरेचा फोन वाजला. त्यांचा हात थांबला. दुसऱ्यांदा वाजला. मामा पानावरून उठले. उष्ट्या हातानं फोन बाहेर काढला, खिडकीजवळ उजेडात नेला, डाव्या हाताने चष्मा चढवला. मी मागे उभी होते, मला पडदा दिसत होता. कमळाचं फूल होतं, खाली कोणीतरी दुपारच्या शुभेच्छा दिल्या होत्या.

ते परत वळले आणि त्यांना पान दिसलं. आम्ही सगळे तसेच उभे होतो.

"अक्काकडचं असेल असं वाटलं," ते म्हणाले. अक्का जाऊन तेव्हा वर्ष उलटलं होतं.

पुन्हा बसता येत नव्हतं, हे त्यांच्याइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं. हात धुऊन ते निघून गेले. जाताना त्यांनी उंबऱ्याशी खाली पाहिलं, तबक असायचं तिथं.

मामा गेल्याला आता वर्ष होत आलं. झोपेत गेले, शेजारणीला सकाळी कळलं. बातमी मीच ग्रुपवर टाकली, दहा मिनिटांत सगळ्या खुणा निळ्या झाल्या. तिथी कोणती धरायची, असं तिघांनी विचारलं. तिघांनी तीन ॲप उघडली आणि तिथं तीन उत्तरं आली. दोन तास त्यावर चर्चा चालली, मग कोणीतरी विनोद टाकला आणि ती थांबली. जयराम येऊन सगळं करून गेला. मामांची तिथी नक्की कोणती, ते आमच्यात कोणाला आजही खात्रीनं सांगता येत नाही.

मला आठवतात ते त्याच्या दोन महिने आधीचे मामा. मी ऑफिसातून येत होते. ते खांबाशी बसले होते, मान खाली, अंगठा पडद्यावर वरून खाली, वरून खाली. मी फाटकातून आत गेले. त्यांनी आधी माझ्या पायांकडे पाहिलं. मी चपला काढल्या.

"बैस," ते म्हणाले. "एक पुसायचं होतं. हे वरती ढकलत गेलं की मागचं मागचं येतं. येतं ना?"

"येतं."

"मग एका जागी येऊन थांबतं. तुझं नाव येतं, तू मला आत घातलंस असं. त्याच्या वरती जातच नाही. मी रोज ढकलतो."

"तुम्हाला घातलं त्याच्या आधीचं तुम्हाला दिसत नाही मामा. तसंच असतं ते."

"म्हणजे गेलं?"

"गेलं नाही. आमच्या फोनमध्ये असतं."

समोरून एक रिक्षा गेली. चालक एका हातात फोन धरून त्यातलं घर शोधत होता, तेच घर दोनदा ओलांडून.

"तुझ्यात जयरामचं ते आहे?"

"आहे," मी म्हटलं.

"दे."

मी शोधायला लागले. वर्षभराची फुलं आणि देव मागे ढकलत गेले. तो मंगळवार आला. जयरामचा निरोप, त्याच्याखाली बारा जोडलेले हात, "कळवतो", मग माझं नाव, मग माझा अंगठा. मी फक्त जयरामची ओळ निवडली आणि मामांच्या नंबरावर पाठवली. बाकीचं पाठवलं नाही.

त्यांच्या हातातला फोन वाजला. मी हातभर अंतरावर बसले होते, पण ते माझ्याकडे बघत नव्हते. चष्मा पुसला, लावला. तमिळ अक्षरं त्यांनी बोटानं एकेक करून वाचली, ओठ हलवत, पंचांग वाचायचे तशी. अम्माला बरं नाही. सारखं मामाला पुसते. कोणी तरी मामाला सांगा.

"याच्यावर कोणी काय म्हणालं?" त्यांनी विचारलं.

"नमस्कार केला सगळ्यांनी," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. मग फोन दोन्ही हातांत धरून चेहऱ्याजवळ नेला आणि त्याला म्हणाले, "ऐकलं."